तळाचं गार पाणी

दुर्पता नान्हेचं पत्र येऊन आठ दिवस झाले, तरी नीलकंठ आजोबांनी उत्तर दिलं नव्हतं. तलावांच्या पाण्याचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण कागदावर सही करायची म्हटलं की त्यांचा हात अडायचा.

बारा वर्षांच्या दुर्पतानं लिहिलं होतं, ‘आमच्या चिंचाळा तलावात मासे पहाटे तोंडं उघडून वर येतात. बाबा म्हणतात, ऑक्टोबरच्या उन्हानं पाणी तापलंय. पाण्यात फिरून मोजमाप घेणारा आमचा यंत्रमासा सांगतो की तळाचं पाणी चार अंशांनी गार आहे. प्राणवायूचा आकडा मात्र तो दाखवत नाही, त्याच्या संवेदकावर (मोजमाप घेणाऱ्या भागावर) शेवाळ चढलंय. म्हणून माशांचे तरंगते पिंजरे सहा मीटर खाली, गार पाण्यात सोडायचं ठरतंय. मासे वाचतील ना? शुक्रवारी सकाळी मच्छीमार संस्थेची सभा आहे. सभेत सहीचा कागदच वाचतात. फोनवरचं कोणी धरत नाही.’

आज गुरुवार होता. टपाल घेणारा ड्रोन तीन वाजता गच्चीवर येणार होता.

“आबा, पिंजरे खाली सोडले तर काय होईल?” नात शाल्मलीनं विचारलं.

“बहुतेक सगळे मासे मरतील.”

“आणि तुम्ही आठ दिवस गप्प?”

“प्राणवायूचा आकडा कुठंय माझ्याकडे? एकदा एका तलावाबद्दल लिहून दिलं होतं, दहा दिवस धोका नाही म्हणून. तिसऱ्याच दिवशी मासे मेले.” आजोबांचा आवाज बारीक झाला.

शाल्मलीनं पत्र पुन्हा वाचलं. “पण ऊन तर दुपारी असतं. मग मासे पहाटे का वर येतात?”

आजोबा चटकन उठले. त्यांनी काचेच्या बरणीत कोमट पाणी घेतलं आणि बिटाच्या रसाचे थेंब टाकलेलं जरा गार पाणी नरसाळ्यातून अलगद तळाशी सोडलं. खाली लाल, वर नितळ. दोन्ही थर वेगळे राहिले.

“गार पाणी जड, म्हणून तळाशी बसतं. पावसाळाभर तलाव असाच असतो. वरच्या थराला वारा लागतो, प्राणवायू मिळतो. खाली पालापाचोळा कुजतो, तो तिथला प्राणवायू खाऊन टाकतो.”

मग त्यांनी बर्फ भरलेली स्टीलची वाटी बरणीत तरंगत ठेवली. “हा आश्विनातला पहाटेचा गारवा.”

थोड्या वेळानं वरचं पाणी गार झालं, जड झालं आणि खाली उतरू लागलं. तळातून लाल धागे वर आले. बघता बघता सगळी बरणी गुलाबी झाली.

“म्हणजे तळाचं पाणी वर येतं आणि माशांचा श्वास कोंडतो!”

“हो. याला जलपालट (तलावातले थर एकमेकांत मिसळणं) म्हणतात. पृष्ठभागाला हवा लागते, तेवढाच प्राणवायू ओढायला मासे वर येतात.”

“आणि ही माणसं त्यांना खाली पाठवणार! आबा, लिहा ना!”

“पुन्हा चुकलो तर?”

“मग जे माहीत नाही, तेही लिहा की. कोणी अडवलंय?”

अडीच वाजले होते. आजोबा लिहायला बसले. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं, ‘चि. दुर्पता, उशीर झाला, माफ कर. पिंजरे खाली सोडू नका, वरच ठेवा. पहाटे हवा देणारे पंखे चालवा आणि सकाळचं खाद्य बंद ठेवा. पाणी किती दिवसांत मिसळेल, हे मला सांगता येत नाही. पण सभेआधी एवढं करून बघ. बाटलीला दगड आणि दोरी बांध, बुचाला वेगळी दोरी लाव. मोठ्या माणसाबरोबर नावेतून जाऊन बाटली सहा मीटर खाली सोड आणि तिथं बूच ओढ. वर आलेल्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास आला, तर खाली प्राणवायू नाही असं समज आणि ते पाणी सगळ्यांना हुंगायला दे. वास नाही आला, तरी पिंजरे वरच राहू देत. पालट पुरता झाला की तळापर्यंत प्राणवायू पोचेल. मग हिवाळाभर माशांना सगळा तलाव मोकळा.’

ड्रोनची घरघर ऐकू आली. आजोबांनी सही केली. ती जरा वाकडीच झाली.

ड्रोननं पाकीट पोटात घेतलं. “तातडीचं टपाल. उद्या सूर्योदयाला पोचेल. पाठवू का?”

आजोबांनी पेनाला टोपण लावलं.

“पाठव,” ते म्हणाले.