मागच्या बागेतली केळी

किगाली शहरातून आलेल्या दोघा पुतण्यांपुढे म्हाताऱ्या गाताबाझीने केळ्याच्या दारूचं मडकं ठेवलं, पिण्यासाठी तीन नळ्या खोचल्या आणि रीतीप्रमाणे पहिला घोट स्वतः घेतला.

"आपल्या सेबाहिरेची गोष्ट सांगतो. गेल्या महिन्यात वारला, तोच."

"काका, तुमची भुतं अर्धं मडकं संपल्यावरच दिसतात," थोरला हसला.

"ऐक गपगुमान. कत्तलीच्या साली त्याने शेजारच्या कालिसाला मारलं. पुढे गावच्या न्यायसभेत कबूल केलं, अकरा वर्षं तुरुंगात काढली. कालिसाच्या बहिणीने, स्पेसिओझने, त्याला माफसुद्धा केलं. तिचं एकच मागणं होतं: भाऊ कुठे पुरलाय तेवढं सांग. हा म्हणायचा, आठवत नाही.

"तर दोन वर्षांपूर्वी, सतरा फेब्रुवारीला, सरकारने दिलेल्या गाईची पहिली कालवड स्पेसिओझने यालाच दिली. आभार मानायला हा घरच्या केळ्यांच्या दारूचं मडकं डोक्यावर घेऊन निघाला. साडेसात वाजलेले. मिट्ट काळोख.

"मागून पावलं. अनवाणी.

"'आमच्याकडे चाललास?'

"आवाज ओळखीचा. हा भराभर चालू लागला.

"'जड झालं असेल रे. दे, मी घेतो.'

"डोक्यावरचा भार गेला... मडकं मात्र तिथंच.

"कसाबसा पोचला. स्पेसिओझने मडक्याच्या तोंडाला बांधलेलं पान सोडलं. आत आधीच एक नळी. टोक चावलेलं.

"'कालिसा अशीच चावायचा,' ती म्हणाली. 'आई ओरडायची त्याला.' मग... 'सेबाहिरे, केळी कुठली रे ही?'

"'माझ्या मागच्या बागेतली.'

"ती बघत राहिली. याने तोंड उघडलं... आणि 'येतो' म्हणाला."

"म्हणजे कालिसा... बागेत?" धाकट्याने विचारलं.

"तिसऱ्या रांगेखाली. मरताना हे सगळं मला सांगून गेला. म्हणाला, तिला सांग."

"मग सांगितलंत?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "महिना झाला. ती रोज समोरून जाते, हात हलवते. मी रोज ठरवतो, आणि जीभ उचलत नाही. माझी मलाच लाज वाटते रे. सेबाहिरेच्या बायकोने त्याच केळ्यांचं हे मडकं पाठवलं, तेही निमूट ठेवून घेतलं."

धाकट्याने नळी सोडली. थोरला मडक्यात बघत होता.

"काका... तुम्ही तीनच खोचल्या होत्या ना?"

म्हाताऱ्याने बघितलं. मग टॉर्च उचलला, चपला घातल्या आणि स्पेसिओझच्या घराच्या वाटेला लागला.

मडक्यात चौथी नळी उभी होती. टोक चावलेलं.