उलटा बाण

"भाऊ, डिस्ट्रिब्यूटर भेटंल का?"

जवळा बाजारच्या त्या दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मी विचारलं. बाहेर एवढी मोठी पाटीच होती ना – 'अधिकृत डिस्ट्रिब्यूटर'! काउंटरमागच्या पोरानं हरभऱ्याची पिशवी खाली ठेवली.

"भेटंल की. मीच हाय."

"तुमी न्हाई हो... गाडीचा! फियाटचा."

तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मॅडम, हे बियाण्याचं दुकान. फियाट नावाचं वाण अजून बाजारात न्हाई आलं."

मी अशी हसले, की बाहेरची गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. आणि पहिल्याच वाक्याला त्याला 'भाऊ' म्हणाले, याचा पस्तावा तिथंच सुरू झाला.

त्याचं नाव रुद्र. म्हणाला, "माझ्या पाटीनं फसवलं तुमाला. आता शोधून द्यायची जबाबदारी माझी."

फियाट माझ्या बाबांची. माझ्या जन्माच्या वर्षी घेतलेली. आमच्या हट्टा गावाहून परभणीला कितीक बाळंतिणी तिनं वेळेवर पोचवल्या. आठ महिन्यांपासून ती दारात उभी. आमच्या गावातले मेकॅनिक जहांगीर चाचा, त्यांनी निदान केलं – चारी प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणारा पार्ट, तो डिस्ट्रिब्यूटर, गेलाय. नवा मिळत नाही. "जुना ढूंड, मंजू बेटी," ते म्हणाले, "मगर उसपे किधर फिरता है, उसका बाण देखके लेना. उलटा फिरणारा बसवला, तर इंजिन नुसतं फटाके फोडंल."

रुद्र बियाण्यासाठी नांदेडला जायचा, तिथं भंगारबाजार पालथा घालायचा. पहिला आणला, तो खरंच उलटा निघाला. मग दर बुधवारी मी विचारायला जायला लागले. फोनवर विचारता आलं असतं की! पण... चहा यायचा, तो स्वतः स्टुलावरची धूळ पुसायचा, आणि बोलता बोलता मध्येच गप्प होऊन माझ्याकडं पाहायचा. मला ती गप्प वेळ फार आवडायची.

एका बुधवारी त्यानं कागदात गुंडाळलेला दुसरा डिस्ट्रिब्यूटर पुढं केला. ग्रीसनं हात काळे, चेहरा खुललेला. मी बाण पाहिला. अगदी बराबर.

आता बुधवारी काय निमित्त काढायचं?

"उलटा हाय," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. "बरं... परत देऊन टाकतो."

घरी येताना स्वतःचीच लाज वाटली. आणि दुसऱ्याच सकाळी, रोजच्यासारखी गाडी पुसता पुसता बाबा थांबले. "रविवारी भंगारवाला येऊन राहिला, मंजू. मेलेलं ढोर दारात ठेवत न्हाईत." फडकं त्यांनी तसंच टपावर सोडलं.

शुक्रवारी मी धावत दुकानात गेले.

"तो परत आणा! आजच!"

"काहून? उलटा हाय ना?"

"न्हाई..."

"मग?"

काय सांगू? कानशिलं तापली. पण बाबांचं ते फडकं डोळ्यांपुढून हलेना.

"बराबर होता. मीच खोटं बोलले. तो भेटला असता, तर तुमाला भेटायचं कारण संपलं असतं... मला तुमी आवडता. बाबांची गाडी भंगारात निघाली, ती माझ्यापायी."

त्यानं काउंटरखालून तीच कागदाची गुंडाळी काढली.

"दिलाच न्हाई मी परत. तुमच्या चाचाला दाखवला. ते म्हणले, बाण तर सीधा हाय, बेटीच उलटी फिरली."

"आणि तुमी गप्प बसले?"

"मनात आलं, असं कारण असंल तर... पण विचारायची हिंमत न्हाई झाली." तो आधीच दुकानाचं शटर ओढत होता. "गाडी भंगारात निघाल्याचं माहीत असतं, तर कालच आलो असतो. चला, चला!"

आमच्या दारात चाचांनी डिस्ट्रिब्यूटर बसवला, हलकेच फिरवून टायमिंग जमवलं. "अमृतराव, मारो चावी!" ते बाबांना म्हणाले.

एकदा घरघर. दोनदा. तिसऱ्यांदा फियाट चालू झाली. बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून कितीतरी वेळ तसेच बसले. मग डोळे पुसून रुद्रला म्हणाले, "पोरा, उपकार झाले. लई दिवस लागले का रं सापडायला?"

"सापडला होता, काका. व्हय म्हणायला वेळ लागला."

"कोणाला?"

रुद्र ग्रीसचे हात पुसत बसला. चाचा खुशाल आभाळाकडं पाहायला लागले.

"मला, बाबा," मी म्हणाले.