सोबतीचा रकाना

बसा रे, बसा. पायऱ्या गार आहेत, पण मरत नाही कुणी. दिवसभर मी तुमचं डोकं खाल्लं. वेळेचं नियोजन, वाचनाची सवय, गाइडशी कसं बोलावं, नापास प्रयोगाला कसं घ्यावं. दर वर्षी मला निवृत्त माणसाला धरून आणतात आणि हातात माइक देतात. नव्या संशोधक मुलांचं स्वागत करा म्हणे. मी बोलतो, तुम्ही जांभया देता, मग चहा. तुम्हीही कंटाळता, मीही कंटाळतो. त्यातलं निम्मं विसरलात तरी चालेल, पण आता सांगतोय ते लक्षात ठेवा. आणि तो फोन खिशात ठेव बाबा, पळून जात नाही तो.

ही माझ्या भाच्याची गोष्ट. सख्ख्या बहिणीचा मुलगा. आता दुसऱ्या गावी शिकवतो. विश्वास नसेल तर नंबर देतो, विचारा त्याला. रात्री कधीही फोन करा, पहिल्या रिंगला उचलतो.

तुमच्या विभागात तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेच्या दाराशी पांढरा फळा लावलाय, तो पाहिलात ना? रात्री काम करायचं असेल तर त्यावर आपलं नाव लिहायचं आणि शेजारच्या रकान्यात सोबत्याचं. रात्री एकट्यानं काम करायचं नाही, हा नियम. मीच मीटिंगमध्ये भांडून तो करून घेतला होता. चांगला नियम आहे. पण सोबती आणायचा कुठून? ज्याला त्याला आपापलं पडलेलं असतं. मग मुलं कुणाचंही नाव ठोकून द्यायची. वॉचमन वर यायचा, दोन नावं बघायचा, खाली जायचा. वॉचमन कंत्राटी, आज हा तर उद्या तो. नावामागचा माणूस त्याला कुठून माहीत असणार?

"मग कुणाचं नाव लिहायची मुलं?"

सांगतो ना. धीर धर की जरा. तात्या नावाचा एक मुलगा होता विभागात. मुलगाच म्हणायचा, तिशीही गाठली नव्हती त्यानं. पण केस पिकलेले, पाठीला पोक आलेलं, पीएचडीचं आठवं वर्ष, म्हणून सगळ्यांनी त्याचा तात्या केला. स्वभावानं लोण्याचा गोळा. कुणाला रात्रीचं काम निघालं की तात्या सोबतीला बसायचा. स्वतःचं काम रखडलेलं, पण नाही म्हणायला जीभच उचलायची नाही त्याची. किती वेळा मी रागावलो, अरे जरा आपलं बघ. नुसता हसायचा. एका पहाटे खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्याच गेला. ज्याच्यासाठी बसला होता तो पोरगा शेजारी टेबलावर डोकं ठेवून झोपलेला. जाग आली तेव्हा त्याला वाटलं, तात्या विचार करतोय. चांगला अर्धा तास वाटलं. मला बोलावलं होतं त्या सकाळी. ते मी सांगत नाही.

आठवडाभर फळा कोराच राहिला. मग एका रात्री कुणाला तरी सोबती मिळेना. त्यानं सवयीनं 'तात्या' लिहिलं. वॉचमननं दोन नावं पाहिली, काम झालं. दुसऱ्यानं ते बघितलं, त्यानंही लिहिलं. वर्षं गेली. ज्यांनी तात्याला पाहिलंही नाही, ती मुलंसुद्धा रोज तेच लिहू लागली. नवीन पोरं आली की जुनी पोरं पहिल्या आठवड्यातच कानात सांगायची, तात्या लिही, कुणी विचारत नाही. माझ्या भाषणापेक्षा तेच बरोब्बर लक्षात राहायचं त्यांच्या.

तर माझा भाचा. सातवं वर्ष चाललेलं. बहीण फोनवर विचारायची, "अरे, तुझ्या भाच्याचं कधी होणार रे?" मी म्हणायचो, होईल. काय सांगणार? पोरगा पार पिचून गेला होता. त्यात गाइडनं नव्या मुलांच्या स्वागताचं काम त्याच्याच गळ्यात मारलेलं. खुर्च्या लाव, पिशव्यांत पेनं भर, "पहिल्या वर्षात यशस्वी कसं व्हावं" यावर भाषण कर. ज्याचं स्वतःचं सात वर्षांत झालं नाही, त्यानं! मला म्हणाला, "मामा, एवढं स्वागत उरकतो आणि सोडून देतो सगळं. आता नाही होत."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. जुलैचा शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वागत. संध्याकाळी भाचा हॉलमध्ये खुर्च्या मांडत होता, तेव्हा एक नवी मुलगी आली. चारच दिवसांपूर्वी दाखल झालेली. घरापासून पहिल्यांदाच लांब. म्हणाली, "दादा, सरांनी मला आज रात्रीच काम दिलंय. बाटलीतले जिवाणू किती वाढतात ते बघायचं, दर दोन तासांनी नमुना काढायचा, सकाळपर्यंत. पण सोबतीला कोण बसेल?"

भाच्याच्या दोन्ही हातांत खुर्च्या. मान वर न करता म्हणाला, "तात्या लिही."

"ते येतील?"

"येतील, येतील."

हसू नका. तुम्हीही हेच म्हणाला असता.

रात्री खोलीवर जाऊन आडवा झाला. डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच आठवलं, हॉलची किल्ली प्रयोगशाळेतल्या आपल्या टेबलावरच राहिली. सकाळी आठला हॉल उघडायचा. जिवावर आलं होतं, पण उठला. खोलीला कुलूप लावलं, ते खिशात... म्हणजे किल्ली खिशात टाकली आणि निघाला. साडेअकरा झाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. विभागाच्या दाराशी वॉचमन मोबाइलवर काहीतरी बघत बसलेला. "वर आहेत का कोणी?" भाच्यानं विचारलं. "दोघं आहेत साहेब, फळ्यावर नावं आहेत," तो म्हणाला. भाच्याला हसू आलं.

लिफ्ट बंद. जिन्यानं वर गेला. तिसऱ्या मजल्यावर बोळाच्या टोकाला बेसिन आहे, तिथं ती मुलगी काचेची भांडी धूत उभी होती. चेहरा थकलेला, पण खूश.

"काय गं, एकटीच?"

"एकटी कशी? तात्या सर आहेत ना आत."

भाचा मनात म्हणाला, चेष्टा करतीय. मग वाटलं, कुणीतरी हिचीच चेष्टा करतंय. नव्या पोरीला घाबरवायला कुणी जुना येऊन बसला असेल. राग आला त्याला.

"कोण आहे आत? कसा दिसतो?"

"पांढरे केस आहेत. पाठीला पोक आहे. पण किती चांगले आहेत हो दादा! खुर्चीत बसल्या बसल्याच नमुना ओढायचं पिपेट कसं धरायचं ते हात धरून शिकवलं. सरांनीसुद्धा एवढं समजावलं नव्हतं." मग जरा थांबली. "फक्त हात फार गार आहेत त्यांचे."

भाच्यानं प्रयोगशाळेच्या दाराकडे बघितलं.

"दादा, ते फार दमलेत. म्हणाले, कित्येक वर्षं झोपलो नाही. ती खिडकीजवळची खुर्ची आहे ना, तिथं कुणीतरी बसल्याशिवाय त्यांना उठता येत नाही म्हणे. मला म्हणाले, तू बसशील का? मी हो म्हणणारच होते. मग म्हटलं, आधी एवढी भांडी धुऊन घेते."

"हो म्हणालीस का?"

"नाही अजून."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना. दादा, काय झालं?"

ती एकवीस-बावीस वर्षांची. आई-बापांनी गाडीत बसवून देताना काय काय सांगितलं असेल तिला. आणि तिला तात्या लिही म्हणून सांगणारा कोण, तर हाच. भाचा मला म्हणाला, "मामा, त्या क्षणी मला पळून जायचं होतं. पाय जिन्याकडेच वळले होते."

पण त्यानं तिच्या हातातली भांडी घेतली. म्हणाला, "खाली जा. वॉचमनजवळ बस. मी बोलावल्याशिवाय वर यायचं नाही."

"पण बाराचा नमुना..."

"मी काढतो. जा."

ती गेली. तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकला त्यानं. मग गप्प झालं सगळं.

प्रयोगशाळेचं दार अर्धवट उघडं. आत एकच दिवा. बाटल्या हलवणारं यंत्र चालू. घुर्र... घुर्र... बाकी काही नाही.

खिडकीजवळ खुर्ची. खुर्चीत कुणीतरी. पाठमोरं.

भाचा दारातच उभा राहिला. 

"आलीस?" आतून आवाज आला. शांत. दमलेला. "बस ना मग..."

"ती गेली," भाचा म्हणाला.



मग ते डोकं किंचित हललं. वळलं नाही. "तू कोण?"

"मी... इथलाच. सातवं वर्ष."

"सातवं." आवाज हसल्यासारखा झाला. "माझं आठवं होतं."

यंत्र थांबलं. आपोआप. बाराला थांबायचंच होतं ते. पण भाच्याचं काळीज लक्कन हललं.

"नमुना काढ," खुर्चीतून आवाज आला. "वेळ चुकवू नकोस. पोरीचं काम आहे."

भाच्यानं काढला.  बाटली हातातून सुटता सुटता वाचली. यंत्र पुन्हा सुरू केलं. मागे वळून बघितलं नाही. बघवलं नाही.

"रोज लिहिता रे," मागून आवाज. "रोज कुणीतरी लिहितं. मग यावं लागतं. येऊन बसावं लागतं. तुम्हाला दिसत नाही... पण मी असतो. आज त्या पोरीनं खरंच माझी वाट बघितली, म्हणून दिसलो. एका जागी. सकाळपर्यंत. मग पुन्हा रात्र..."

भाच्याला वाटलं, आता काहीतरी होणार. काही झालं नाही. नुसता श्वास. लांब, थकलेला.

"एक रात्र," तो म्हणाला. "फक्त एक रात्र झोपू दे रे मला."

आणि मग, भाचा सांगतो, भीती नाही राहिली. म्हणजे होती, पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढलं. त्याला रडू आलं. सात वर्षांत स्वतःसाठी आलं नव्हतं ते रडू. कारण तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. रोज रात्री स्वतःच्याच डोक्यात ऐकायचा तो.

"उठा," भाचा म्हणाला. "मी बसतो."

खुर्ची हलली नाही.

"तात्या, उठा. मी बसतो म्हटलं ना."

"सकाळपर्यंत उठता येणार नाही तुला."

"माहीत आहे."

"भीती वाटेल."

"वाटतेच आहे."

खुर्ची करकरली. भाच्यानं डोळे मिटून घेतले. शेजारून गारवा गेला. अगदी जवळून. दाराशी थांबला.

"जाऊ कुठे?" आवाज आला. एखादं पाहुणं पोर विचारतं ना, तसा. "माझी खोली दुसऱ्याला दिली असेल त्यांनी..."

भाचा नेहमी कुठल्याही दमलेल्या पोराला जे सांगायचा तेच त्यानं सांगितलं. "माझ्या खोलीत जाऊन पडा. कॉट रिकामीच आहे."

मग दार हललं.

भाचा खुर्चीत बसला.

रात्र कशी गेली ते मला त्यानं कधी सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. यंत्र खुर्चीतून हाताच्या अंतरावर, त्यामुळे दोन, चार, सहाचे नमुने बसल्या जागेवरून काढलेले होते, एवढं ती मुलगी सांगते. उजाडल्यावर ती वर आली तेव्हा हा खुर्चीतच होता, जागा, आणि तिला बघून म्हणाला, "गुड मॉर्निंग. तुझे जिवाणू मस्त वाढलेत." उठताना मात्र तिनं आणि वॉचमननं धरून उठवावं लागलं. पाय बधिर झाले होते.

आठला हॉल उघडला. भाषण केलं. त्या वर्षीच्या मुलांना अजून आठवतं ते भाषण. पडद्यावर एकही स्लाइड नाही. म्हणाला, "यशाचं मला काही माहीत नाही. रात्री काम असेल तर मला फोन करा, मी येऊन बसेन. मला जमलं नाही तर काम उद्यावर टाका. पण इथं नसलेल्या माणसाचं नाव फळ्यावर लिहायचं नाही. मेलेल्या माणसाला तरी झोपू द्या." सगळे हसले. त्यांना वाटलं विनोद केला. मग त्यानं सगळ्यांना घेऊन वर जाऊन, ओल्या फडक्यानं तो रकाना पुसून काढला. पीएचडी सोडली नाही. पुढच्या वर्षी झाली. बहिणीनं मला फोनवर रडून सांगितलं.

"म्हणजे तात्या मोकळा झाला?"

मला काय ठाऊक? मी काय देवऋषी आहे? मी फक्त पुढचं सांगतो, जसं त्यानं मला त्याच दुपारी येऊन सांगितलं तसं.

कार्यक्रम, चहा, आवराआवर उरकून तो खोलीवर गेला तेव्हा एक वाजून गेला होता. दाराला बाहेरून कुलूप. रात्री लावलं होतं तसंच. किल्ली त्याच्या खिशात. खिडकीला आतून कडी. कुलूप काढलं. दार ढकललं.

आत कुणी नव्हतं.

आता माझ्या भाच्याचं अंथरूण म्हणजे महिनोन् महिने पसरलेलं. आई आली तरच आवरलं जायचं. त्या दुपारी चादरीची घडी घातलेली होती. चार कोपरे जुळवून, काठाला काठ लावून. त्यावर उशी. पायथ्याशी पांघरूण, तेही घडी करून. दुसऱ्याच्या घरी झोपून उठलेला माणूस ठेवतो तसं.

भाचा दारातच उभा. किती वेळ, त्यालाही माहीत नाही.

मग पुढे गेला. वाकला. उशीवर हात ठेवला...

उशी गरम होती.