मारणाऱ्याच्या हाताला काय कळतं

रबराच्या डोक्याला मान होती, जबडा होता आणि दोन्ही गालांच्या आत दाबमापक बसवलेले होते. डोळे मात्र मुद्दाम बसवले नव्हते. डोळे असले की माणसं हात आखडता घेतात, असा डॉ. रुखसाना तांबोळींचा अनुभव होता.

"त्या दिवशी मारलीत तेवढ्याच जोराने मारा," त्या म्हणाल्या.

विश्वजीत राजेशिर्केने बाही वर सारली. पडद्यावर पंचवीस वर्षं नायक म्हणून वावरलेला माणूस; उंची सहा फूट, हाताचा पंजा परातीएवढा. त्याने एकदा न्यायाधीश पळशीकर बाईंकडे पाहिलं आणि रबराच्या गालावर थप्पड हाणली. डोकं मानेतून मागे गेलं आणि थरथरत परत जागेवर आलं. पडद्यावर आकडा उमटला: चौऱ्याण्णव किलोभार.

"एवढीच होती," विश्वजीत म्हणाला. "टपली म्हणा हवं तर. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय."

त्या टपलीने सुधाकर हिवराळेचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता आणि डाव्या कानाचा पडदा फाटला होता. मुंबईतल्या एका पुरस्कार सोहळ्यात, अडीच हजार लोकांसमोर हे घडलं. सुधाकर मूळचा मेहकरचा, हसवणं हा त्याचा धंदा. जबड्याच्या हाडाला चिकटवायचा ध्वनिग्राहक तो वापरत असे, त्यामुळे प्रहाराचा जोर आपोआप नोंदला गेला होता: ब्याण्णव किलोभार. त्या रात्री त्याने मंचावरून केलेला विनोद असा होता की राजेशिर्केंना रडायचं दृश्य कितीही वेळा करायला सांगा, ते करतील. फक्त आईच्या सरणापाशी बोलावू नका, तिथे त्यांच्या तारखा नसतात. विश्वजीतची आई दोन महिन्यांपूर्वी वारली होती आणि तो चित्रीकरण सोडून गेला नव्हता. विनोद खरा होता, म्हणूनच तो वर्मी बसला.

सन २०५८चं ते अख्खं वर्ष महाराष्ट्र या एका थपडेवर भांडत होता. आईवरून बोललं तर कोणीही मारेल, असं अर्धे लोक म्हणत. उरलेले म्हणत, हाच हात एखाद्या रिक्षावाल्याने उचलला असता तर तो त्याच संध्याकाळी कोठडीत गेला असता. विश्वजीतच्या वकिलांचा मुद्दा एकच होता: अशिलाने हलका हात लावला, इजा अपघाताने झाली. तो खोटं बोलतो आहे का, एवढंच ठरवायला पळशीकर बाई नागपूरबाहेरच्या या चेतासंशोधन प्रयोगशाळेत आल्या होत्या.

तांबोळींनी दुसरी चाचणी घेतली. एका यांत्रिक हाताने विश्वजीतच्या खांद्यावर मोजून वीस किलोभाराचा ठोसा दिला आणि त्याला सांगितलं, जेवढा लागला तेवढाच या रबराला परत करा. त्याने अडतीसचा दिला. पुन्हा वीसचा बसला, त्याने एकेचाळीस परत केले. दर वेळी तो शपथेवर सांगत होता की हिशेब बरोबर आहे.

त्याला बाहेर बसवून तांबोळी न्यायाधीशांना म्हणाल्या, "तो खोटं बोलत नाही."

पळशीकर बाईंनी चष्मा काढला. "जबडा मोडलाय हो माणसाचा."

"तुम्ही स्वतःच्या काखेत बोट घातलंत तर गुदगुल्या होतात का? नाही होत. आपण हालचाल करण्याआधी आपला मेंदू अंदाज बांधतो की आता इतका स्पर्श होणार, आणि तेवढा तो वजा करून टाकतो. आम्ही त्याला स्वक्रिया-वजावट म्हणतो. ती नसती तर चालताना स्वतःच्या पावलांनी आपण बेजार झालो असतो. पण मारतानाही ती सुरूच असते. दुसऱ्याच्या हातचे वीस हे वीस वाटतात, स्वतःच्या हातचे चाळीस वीस वाटतात. दोन मुलं भांडतात आणि दोघंही म्हणतात, त्यानेच जास्त जोरात मारलं. दोघंही खरं बोलत असतात."

"मग त्याला सोडून देऊ?" पळशीकर बाईंनी विचारलं. "उद्या प्रत्येक नवरा इथे येऊन म्हणेल की मला हलकीच वाटली."

तांबोळी याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. त्यांनी खणातून रुपयाएवढी एक चकती काढली. तिचं नाव अनुमानछेदक. मानेच्या वर कवटीला ती बसवली की अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या लहान मेंदूत, चुंबकीय स्पंद जात आणि वजावट बंद पडे. त्यांनी साठ स्वयंसेवकांवर प्रत्येकी वीस मिनिटं ती वापरून पाहिली होती. चकती लावल्यावर माणूस वीसला वीसच परत करत असे.

"तुरुंगात तो हलक्या हाताचा होणार नाही," त्या म्हणाल्या. "ही लावा. आपण जे करतो ते केवढं असतं, हे त्याला प्रथमच कळेल."

सुधाकरची संमती घ्यायला तांबोळी स्वतः गेल्या. जबड्यातल्या तारा नुकत्याच काढल्या होत्या आणि तो उजवा कान पुढे करून ऐकत होता. त्याला विश्वजीतने तुरुंगात जावं असं वाटत नव्हतं. पण काहीच झालं नाही तर उद्या कुठल्याही गावात कोणीही स्टेजवर चढेल, याची त्याला धास्ती होती. कागदावर सही करून त्याने विचारलं, "मॅडम, हे मारन्याचं मोजता तुमी. बोलन्याचं मोजाचं काही यंत्र हाये का?"

तसं यंत्र नाही, असं तांबोळींनी सांगितलं.

न्यायालयाने आठ महिने चकतीची शिक्षा दिली. शेवटी विश्वजीतने जाहीर माफी मागायची आणि त्याच मंचावर चकती काढायची.

पहिल्या महिन्यात सगळं तांबोळींनी सांगितलं होतं तसंच झालं. विश्वजीत दार हळू लावू लागला. पेला उचलताना तो लहान मूल उचलावं तसा उचले. एका मुलाखतीत स्वतःच्याच आवाजाने दचकून त्याने बोलणं कुजबुजीवर आणलं, आणि हा रुबाबदार माणूस इतका मऊ झालेला पाहून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सरकारने शिक्षेची ही पद्धत घाईने लागू केली. बायकोला मारणारे, विद्यार्थ्यांना बडवणारे शिक्षक, कोठडीत हात चालवणारे दोन हवालदार, असे राज्यभरात एकशे चौऱ्याऐंशी जण चकती लावून घरी गेले. तांबोळींचे सत्कार झाले.

चौथ्या महिन्यात विश्वजीतच्या पत्नीचा, मृणालिनीचा, प्रयोगशाळेत फोन आला. तो भिंतीला पाठ लावूनच बसतो, म्हणाली. चालताना मागे वळून बघतो, कोणीतरी पाय आपटत येतंय म्हणतो. जेवताना घास थुंकला आणि म्हणाला, माझा जबडा कोण दाबतंय? तांबोळींनी त्याला तपासायला बोलावलं. त्यानेही तेच सांगितलं: कोणीतरी सतत अंगाला हात लावतं.

त्याच आठवड्यात त्याच्या वकिलांनी शिक्षा कमी करण्याचा अर्ज केला होता. तांबोळींनी दोन गोष्टी एकत्र जोडल्या. हा नट आहे आणि त्याला सुटायचं आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. अहवालात त्यांनी लिहिलं: 'तक्रारी अतिशयोक्त. शिक्षा चालू ठेवण्यास हरकत नाही.'

माफीचा कार्यक्रम नागपुरातच ठेवला होता, सकाळी अकरा वाजता. नाट्यगृह भरलं होतं. तांबोळी पहिल्या रांगेत होत्या. चकती काढायची अवजारं त्यांच्या पिशवीत होती. विश्वजीत विंगेच्या कडेकडेने आला. दोन्ही हात त्याने छातीशी घट्ट धरले होते, गर्दीतून वाट काढणाऱ्यासारखे. त्याच्या आजूबाजूला कोणीही नव्हतं.

त्याने कुजबुजत माफी मागितली. मग सुधाकर ध्वनिक्षेपकापाशी आला. लोक हसायला तयारच होते, पण त्याने विनोद केला नाही.

"माय मेल्यावर लेकराले काय होते, हे मले ठाऊक होतं," तो म्हणाला. "माही माय मी बाराचा असताना गेली. तरी म्या तो जोक केला, कारन तो चालत होता. मलेबी माफ करा, दादा."

त्याने हात पुढे केला. विश्वजीतने तो धरला.

दोघांचे हात तीन-चार सेकंद वर-खाली हलले. मग विश्वजीतच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. त्याने हात ओढला, पण सोडला नाही; उलट आवळला. सुधाकर कळवळून म्हणाला, "दादा, सोडा." विश्वजीत दातांवर दात रोवून म्हणाला, "आधी तू सोड."

आणि त्याने डाव्या मुठीने सुधाकरच्या तोंडावर ठोसा मारला.

सभागृहात हशा पिकला. दोघांनी मिळून बसवलेलं प्रहसन असणार, असंच लोकांना वाटलं. दुसऱ्या ठोशालाही काही जण हसले. तिसऱ्याने सुधाकरचं नाक फुटलं आणि रक्त ध्वनिक्षेपकावर उडालं, तेव्हा हसू थांबलं. सुधाकर खाली पडला. विश्वजीत त्याच्यावर गुडघा रोवून बसला होता आणि मारत होता, आणि प्रत्येक ठोशानंतर स्वतःच मागे झटकला जात होता, समोरून कोणी हाणावं तसा. तो ओरडत होता, "मारू नको! पुरे! मारू नको!" सुधाकरचे दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर होते. त्याने एकदाही हात उगारला नाही. सातव्या ठोशाला नीट झालेला जबडा पुन्हा मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेत ऐकू आला. नवव्यानंतर त्याचे हात डोक्यावरून गळून बाजूला पडले. सुरक्षारक्षकांनी विश्वजीतला ओढून काढलं तोवर अकरा ठोसे झाले होते.

सुधाकर हिवराळे रुग्णवाहिकेतच गेला.

पोलीस ठाण्यात विश्वजीत बाकावर अंग चोरून बसला होता. उजव्या हाताची तीन बोटं सुजली होती, डाव्या मुठीची कातडी निघाली होती. बाकी अंगावर ओरखडाही नव्हता. तांबोळी आत आल्या तेव्हा तो निरीक्षक बोंद्रेंना तक्रार लिहून घ्यायला सांगत होता.

"त्यानं मला अकरा वेळा मारलं," तो म्हणाला. "मी माफी मागायला गेलो होतो. हात धरून ठेवला आणि मारलं. सगळ्यांनी पाहिलंय." सुधाकर गेल्याचं त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. "त्याला विचारा, एवढा राग होता तर सही कशाला केली?"

बोंद्रे तांबोळींना बाजूला घेऊन म्हणाले, "सोंग आहे ना, मॅडम? वेडाचं सोंग घेऊन सुटणारे आम्ही रोज बघतो."

उभ्या उभ्याच तांबोळींनी जे सांगितलं ते मेंदूच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पाठ असतं. वजावटीला कामं दोन असतात. स्पर्श कमी करणं हे एक. दुसरं असं की, जो स्पर्श वजा होतो तो माझा, जो उरतो तो दुसऱ्याचा, ही ओळख मेंदूला तिच्यातूनच पटते. वजावट काढून घेतली की काहीच वजा होत नाही. सगळा स्पर्श उरतो, म्हणून सगळाच दुसऱ्याचा होतो. स्वतःचं पाऊल पाठलाग करतं. स्वतःची पकड ही समोरच्याची पकड होते. स्वतःची मूठ समोरच्याच्या हाडावर आदळते, ती कळ हातातून वर येते, आणि मेंदू सांगतो की तुला मारलं. मग माणूस हात परतवतो, पुन्हा कळ येते.

"वीस मिनिटांत हे होत नाही," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं आपण डोळ्यांवर विश्वास ठेवतो. महिनोन्महिने अंग एकच गोष्ट सांगत राहिलं की माणूस डोळ्यांचं ऐकणं सोडतो. त्याने चौथ्या महिन्यात मला हे सांगितलं होतं. मी ते सोंग समजले."

"म्हणजे आरोपी कोण लिहू?" बोंद्रेंनी त्रासून विचारलं.

"हात त्याचा होता, त्याचं नाव तुम्हाला लिहावंच लागेल. त्याखाली माझं लिहा. रुखसाना दाऊद तांबोळी, वय त्रेपन्न. पण ते नंतर." त्यांनी पिशवीतून एक यादी काढून टेबलावर ठेवली. "अशा चकत्या लावलेले आणखी एकशे चौऱ्याऐंशी जण राज्यात आहेत. मारणारे होते, म्हणूनच त्यांना लावल्या. काहींना सहा महिने झालेत. ते आत्ता आपापल्या घरी, आपल्या माणसांजवळ आहेत. आधी हे फोन लावा."

बोंद्रेंनी यादीकडे पाहिलं आणि पहिला नंबर फिरवला. अकोल्याचा एक माणूस होता, बायकोचा हात मोडल्याबद्दल शिक्षा झालेला. फोन बायकोनेच उचलला. पोलीस म्हटल्यावर ती रडू लागली.

"बरं झालं तुम्ही फोन केलात, साहेब," ती हळू आवाजात म्हणाली. "मी मोरीत कडी लावून बसलेय. ते सकाळपासून दारावर बुक्क्या मारतायत आणि म्हणतायत, मी त्यांना मारतेय."