डाव्या कडेचा फुगवटा

वारा सुटलेला असताना फोमचा ठोकळा डोक्यावर घेऊन गल्लीतून जाऊ नये, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि ऐकणं यांचं माझ्याकडे कधी जमलंच नाही. सर्फबोर्डाचा कच्चा ठोकळा माझ्याहून लांब आणि उशीसारखा हलका असतो. वाऱ्याने त्याला शीड समजलं की तुम्ही झालात होडी. कोपऱ्यावर मी गर्रकन फिरले, माझ्यामागून ठोकळ्याची शेपूट फिरली आणि कुणाच्या तरी तोंडावर धप्पकन थांबली.

"आई गं," ते तोंड म्हणालं.

चष्मा रस्त्यावर पडला होता. ठोकळा खाली ठेवायची सोय नव्हती... त्याला खोक पडली की बाबांना जेवण जात नाही. म्हणून तो तसाच डोक्यावर धरून मी गुडघ्यांवर बसले आणि एका हाताने चाचपू लागले. तोही चाचपत होता. दोघांची बोटं एकाच काडीवर आली.

"ही माझ्या चष्म्याची काडी आहे," तो म्हणाला.

"मी कुठे म्हणतेय माझी आहे?"

"मग सोड ना."

सोडली. त्याने चष्मा पुसला, लावला, आधी मला पाहिलं आणि मग ठोकळ्याला. मला जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला उगाच वाटलं.

"मध्ये रुंदी किती? एकोणीस पॉइंट चार?"

"अजून कापलाच नाहीये. बोर्ड आत आहे, तो बाहेर काढायचाय. असं बाबा म्हणतात."

"आमच्याकडे तो फाइलमध्ये असतो," तो म्हणाला. "मशीन बाहेर काढतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गल्लीच्या तोंडाशी काचेच्या दर्शनी भिंतीचं नवं दुकान झालं होतं. त्या दुकानाच्या मालकाचा हा भाचा.

"म्हणजे तू शत्रू," मी म्हणाले.

"मला मार लागलाय, आणि शत्रू मी?"

मी हसले आणि घरी येईपर्यंत हसतच राहिले. वाऱ्याने आणखी दोनदा मला भिंतीवर नेलं, त्याचंही काही वाटलं नाही.

आमच्याकडे बोर्ड हाताने होतात. शेडच्या मागे बाबांची खोली आहे. भिंती गडद निळ्या आणि दिवे छताला नाहीत, दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर. आडवा उजेड पडला की फोमवरचा केसाएवढा उंचवटासुद्धा सावली टाकतो. बाबा रंधा चालवतात, थांबतात, वाकून सावली बघतात, पुन्हा चालवतात. मग पुढच्या खोलीत आई त्यावर फायबरचं कापड पसरते आणि रेझिन ओतते. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नसतं. रेझिन घट्ट व्हायला लागलं की ती देवाचंही ऐकणार नाही.

यंदा बाबांनी पहिल्यांदा माझ्या हातात रंधा दिला आणि मला शिंगंच फुटली. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मी आता प्रश्न विचारायचे, उत्तरं द्यायचे, न विचारलेलीही द्यायचे. केसांत कायम पांढरा भुगा, म्हणून सगळे मला 'पावडर' म्हणत. तो आमच्याच वर्गात आला आणि प्रत्येक आकड्यात पॉइंट घालायचा, म्हणून तो 'पॉइंट'. मधल्या सुट्टीत आमचं ठरलेलं भांडण असायचं, पाण्याच्या नळापाशी.

"तुझे बाबा मोजतात कशाने?"

"डोळ्यांनी."

"डोळ्यांना चूक किती येते?"

"तुझ्या चष्म्यापेक्षा कमी."

"आमच्याकडे अर्धा बोर्ड काढला की मिररचं बटण दाबायचं. दुसरी बाजू आपोआप हुबेहूब तशीच होते."

"मग तुला काय काम उरतं?"

"...तुझ्याशी भांडायचं," तो म्हणाला आणि घाईघाईने पाणी प्यायला लागला. नळ बंद होता.

तर अशी माझी हवा होती. त्या हवेतच मी तोंडघशी पडले.

शाळेचं प्रदर्शन होतं. सायन्सच्या मॅडमनी 'हात आणि यंत्र' असा कोपरा ठरवला. एक बोर्ड आमचा, एक त्यांच्या दुकानाचा, लांबीला सारखेच. मी भर वर्गात सांगून टाकलं, की मी डोळे बांधून बाबांचा बोर्ड ओळखेन. कुणी विचारलं नव्हतं.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते कुठेही असे येत नाहीत. मागे, दाराशी उभे राहिले. पॉइंटचे मामा पुढे होते, त्यांच्या शेजारी पॉइंट. मॅडमनी त्यांचा स्कार्फ माझ्या डोळ्यांवर बांधला आणि मी दोन्ही तळवे पहिल्या बोर्डाच्या कडांवरून टोकापासून शेपटीपर्यंत नेले. गुळगुळीत. डावी-उजवी अगदी एकसारखी, दोन बाजू आहेत हेच कळू नये इतकी. मनात म्हटलं, मशीन. मग दुसरा. शेपटीच्या जरा अलीकडे डावी कड तळहातात किंचित भरली. तो फुगवटा मी ओळखते. लहानपणापासून बाबांच्या बोर्डांवर हात फिरवलाय, प्रत्येकावर तो असतो. त्याला नाव नाही, आम्ही कधी त्याबद्दल बोललोही नाही.

"हा बाबांचा," मी म्हणाले. छाती काढून म्हणाले.

स्कार्फ सुटला. माझे तळवे पॉइंटच्या दुकानाच्या चिठ्ठीशेजारी होते.

आधी कुणी हसलं नाही. मग एक जण खुसखुसला आणि सगळी खोली फुटली. मामा म्हणाले, "लेकीलाही आमचंच आवडलं." त्यात वाईट काही नव्हतं, थट्टाच होती. मी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण माझे कान तापले, आणि स्वतःला वाचवायला जे पहिलं हाताशी आलं ते मी फेकलं.

"मग बाबांनीच नीट केला नसणार," मी म्हणाले. "हल्ली त्यांचा हात बिघडलाय."

हसणं थांबलं. मी दाराकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते पुढे आले, आपला बोर्ड उचलला, मॅडमना "येतो" म्हणाले आणि काखेत बोर्ड घेऊन गेले. दारातून जाताना त्यांनी तो इतका जपून वळवला, की मला वाटलं, आत्ताच्या आत्ता फरशी दुभंगावी आणि मी तिच्यात जावं.

पॉइंट मान खाली घालून उभा होता.

घरी बाबा कमी बोलले, इतकंच. रागावले असते तर बरं झालं असतं. आईने मात्र हातमोजे काढता काढता सुनावलं. "उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यांनी तो शर्ट स्वतः इस्त्री केला होता, माहितेय? मला हात लावू दिला नाही."

हे तिने सांगायला नको होतं. मला तो शर्ट डोळ्यांसमोरून हलेना. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तरी मी बाबांच्या खोलीत गेले नाही. आत रंध्याचा आवाज सुरू झाला की मी बाहेर यायचे, बंद झाला की आत. स्वतःच्या घरात चोरासारखी फिरत होते.

दुपारी शेडच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. मी फायबरच्या कापडाच्या गुंडाळीमागे बसून घेतलं.

"पावडर, तुझे पाय दिसतायत," पॉइंट म्हणाला.

मी पाय आत घेतले.

"आता नाही दिसत. पण आहेस ना?"

"नाहीये."

"बरं. मग नसलेलीला सांगतो." त्याच्या काखेत एक बोर्ड होता, जुना, उन्हाने पिवळा पडलेला. तो त्याने स्टँडवर ठेवला. "हा एका गिऱ्हाईकाचा आहे. त्याला अगदी असाच दुसरा हवा होता, म्हणून आम्ही स्कॅन केला. प्रदर्शनातला आमचा बोर्ड त्याच फाइलमधून कापलाय. आणि हा... याच्या मधल्या लाकडी पट्टीवर तुझ्या बाबांची सही आहे."

मी गुंडाळीमागून बाहेर आले. सही होती. पेन्सिलची, रेझिनखाली.

"म्हणजे मी..."

"बरोबर होतीस. तो फुगवटा स्क्रीनवर दिसला होता. मामा म्हणाले, खोट आहे, मिरर दाब. मी दाबलं असं सांगितलं. नव्हतं दाबलं."

"का?"

त्याने चष्मा काढला. तो पुसायची गरज नव्हती. "सगळ्या फाइल्स सारख्याच दिसतात गं. ही एकच कुणाचीतरी वाटत होती."

मी सहीवरून बोट फिरवलं. मग राग आठवला. "हे तिथे का नाही बोललास?"

"मामा शेजारी होते. आणि सगळे हसत होते. मी घाबरलो." तो बोर्डाकडेच बघत होता. "मग तू बाबांना ते बोललीस, आणि मला वाटलं, हे माझ्यामुळे झालं. रात्रभर तेच. मामांना आज सकाळी सांगितलं. ते चिडलेत. चिडू देत."

"तुझ्यामुळे नाही झालं," मी म्हणाले. "तोंड माझं होतं."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होते. म्हटल्यावर हलकं वाटेल अशी आशा होती, तसं काही झालं नाही. उलट पुढे काय करायचं ते समोर दिसायला लागलं.

मी बाबांच्या खोलीचं दार ढकललं. पॉइंट बोर्ड घेऊन मागे आला.

बाबा रंधा बंद करून थांबले. आडव्या उजेडात त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसत होत्या.

"बाबा, माझी फजिती होत होती, म्हणून मी तुमच्यावर ढकललं. तुमचा हात बिघडलाय असं मला कधीच वाटलं नव्हतं. बोलतानासुद्धा नाही."

बाबांनी रंधा खाली ठेवला. त्यांची नजर पिवळ्या बोर्डावर गेली. जवळ येऊन त्यांनी त्याच्या डाव्या कडेवर हात ठेवला आणि एकदम ओशाळले. खरंच ओशाळले, गृहपाठ विसरलेल्या मुलासारखे.

"हा इथे कसा आला," ते म्हणाले. पॉइंटने सगळं सांगितलं. बाबांनी ऐकलं, मग खिशातून लोखंडी गेज काढून आमच्यासमोर धरलं.

"प्रदर्शनाचा बोर्ड मी याने मोजून केला. म्हटलं, मशीनशेजारी ठेवायचाय, वाकडा नको दिसायला. मोजलं तर डावी बाजू जाड. मग जुने काढून मोजले. सगळे तसेच. रंधा डावीकडून ओढताना माझा खांदा अडकतो, म्हणून ते होतं. इतकी वर्षं लोकांना दोन्ही बाजू सारख्या म्हणून सांगत आलो." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "तेवढ्यात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, हात बिघडलाय. मला वाटलं, हिलाही कळलं."

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"काका," पॉइंट म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणाला, कुठेही फरक नको. डावीकडे वळताना हाच बोर्ड सांभाळून घेतो."

"असं म्हणाला?"

"हो. फुगवटा दोन पॉइंट..." मी त्याच्याकडे डोळे वटारले. "...थोडासाच आहे," त्याने वाक्य संपवलं.

आता बाबांना नीट हसू आलं. मग माझ्याकडे बघून ते थांबलं. "लागलं मात्र, बाळा. तू बोललीस ते."

"माहितेय. उद्या वर्गात सांगते. सगळ्यांसमोर बोलले, तर सगळ्यांसमोरच."

"मी मागे उभा राहू?"

"नको. तुम्ही असलात तर रडेन."

त्यांनी माझ्या केसांतला भुगा झटकल्यासारखं केलं. माझ्या केसांत भुगा नव्हता, कालपासून मी आत आलेच नव्हते. "आईला चहा टाकायला सांगतो," असं म्हणून ते निघाले, दोन पावलांवरून परतले आणि दार सताड उघडं करून ठेवलं.

आम्ही दोघं उरलो, आणि मध्ये पिवळा बोर्ड.

"तुला स्क्रीनवरच दिसलाय," मी म्हणाले. "हाताला कळणारच नाही."

"शिकव मग."

"डोळे मिट. चष्मा काढ आधी."

मी त्याचा हात मनगटाला धरून डाव्या कडेवर ठेवला आणि हळूहळू शेपटीकडे नेला. त्याची बोटं गार होती. माझी तापली होती, का ते विचारू नका. "इथे. जाणवतंय?"

"नाही."

पुन्हा नेला. यावेळी माझा तळवा त्याच्या तळव्यावर पूर्ण होता. "आता?"

"...नाही."

तिसऱ्यांदा तर मी त्याचा हात नेमका फुगवट्यावर नेऊन दाबला. इतका, की दगडालाही कळावं. तो मिटल्या डोळ्यांनी गंभीरपणे मान हलवत राहिला. कमरेइतक्या उंचीवरच्या त्या दिव्यांचा उजेड खालून त्याच्या हनुवटीवर पडला होता, आणि ओठांचा एक कोपरा थरथरत होता.

"खोटारडा," मी हळूच म्हणाले.

"पहिल्यांदाच जाणवला होता."

"मग नाही का म्हणालास?"

त्याने डोळे उघडले नाहीत. "हो म्हटलं असतं तर... तू हात काढला असतास."

माझे कान कालच्यासारखेच तापले, पण पळून जावंसं वाटलं नाही. बाहेर कपबशा वाजत होत्या, आणि बाबा उगाच मोठ्याने खोकत होते.

"मग परत बघ," मी म्हणाले. "नीट. टोकापासून."