शेजारच्याला विचारा

"ओ म्याडम, तिथं पाय देऊ नका—"

त्याचं वाक्य संपायच्या आत मी पाय दिला होता. गुडघ्यापर्यंत आत गेले. पूर ओसरून आठवडा झाला होता, वरून रस्ता वाळल्यासारखा दिसत होता, पण खाली नुसता लोण्यासारखा गाळ. एक चप्पल खालीच राहिली.

मान वर केली तर समोर एक आयशर ट्रक उभा, आणि त्यात रचलेल्या कडब्यावर तो बसलेला. दाढी वाढलेली, डोक्याला टॉवेल, आणि हसू लपवायचा अगदी वाईट प्रयत्न. खाली उतरून तो आता हात देईल असं वाटलं. त्यानं हात दिला नाही. माझ्यासमोर कडब्याच्या दोन पेंढ्या टाकल्या.

"ह्यावर पाय द्या. जनावरं माफ करतील."

मी बाहेर आले, काठीनं चप्पल शोधली, आणि पिशवीतून सॅनिटायझर काढून हातांना चोळलं.

"चपलेला बी लावा की," तो म्हणाला.

मी हसले नाही. म्हणजे, त्याला दिसेल असं हसले नाही.

जांभूळमळी हे पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. मी साताऱ्याच्या एका संस्थेत काम करते. पुरानंतर गावाला नेमकं काय लागतंय ते घरोघरी विचारायचं आणि ऑफिसला कळवायचं, हे माझं काम. मी सांगेन तेवढंच सामान येणार होतं. मी 'काही नको' म्हटलं, तर गाडी पुढच्या गावाला जाणार.

आणि गाव नेमकं तेच म्हणत होतं.

"काय नको ताई. सगळं हाय."

भिंतीवर खिडकीच्याही वर पाण्याची रेघ. अंगणात कुजलेल्या गव्हाचा आंबूस वास. गाद्या कुंपणावर टाकलेल्या, त्यातून अजून पाणी ठिबकतंय. आणि दारातला माणूस हात जोडून सांगतोय, सगळं हाय, चहा घेऊन जावा. चहाला दूध नाही, हे मला मागं उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर दिसायचं. बागायती गाव, घरटी ऊस, दोन घरांआड एक फौजी. ह्या लोकांना द्यायची सवय होती. मागायचं कसं, ते कुणी शिकवलंच नव्हतं.

दुपारी मी शाळेच्या कट्ट्यावर टेकले. तिथं शहरातून आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता. गावातलं कुणी त्याला हात लावत नव्हतं. कडबेवाला मात्र ढिगातून एक शेरवानी काढून स्वतःच्या अंगाला लावून बघत होता.

"कशी दिसती?"

"बाहीला भोक आहे."

"मंजी बाकी चांगली दिसती." त्यानं घडी घातली. "लग्नाला ठिवू काय?"

"ठरलंय का?"

"मी दहिवडीचा, म्याडम. माण तालुका. शंभर शेरडं-मेंढरं, आन पाणी टँकरचं. बी. एस्सी. ॲग्री झालोय, तरी एका पोरीनं पयला सवाल काय केला म्हायती? आंघोळ रोज करता का?"

"मग? करता का?"

"हितं आल्यापास्नं करतोय. लय पाणी हाय तुमच्याकडं."

हे त्यानं अशा चेहऱ्यानं सांगितलं की या वेळी मला हसू लपवता आलं नाही. त्याचं नाव जयराज. दुष्काळात ह्याच गावानं त्यांच्या जनावरांच्या छावणीला उसाचं वाडं, हिरवे शेंडे, पाठवलं होतं, म्हणून आता त्यांच्या गावानं ज्वारीचा कडबा गोळा करून पाठवला होता. "जनावरं लाजत न्हाईत," तो म्हणाला. "फुडं टाकलं की खात्यात. तुमचं काम अवघड हाय."

तेवढ्यात माझा फोन वाजला. "गोदू, दूध प्यायलीस? सगळं? ताप बघितला का आजीनं? ... मग हाताला गरम लागतंय का?"

तो दुसरीकडे बघत होता, पण कान इकडेच होते.

दुसऱ्या दिवशी मी मनुबाईंकडे गेले. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, दारात बसून पितळी हंडा घासत होत्या. मी विचारलं, त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं. मी उठले. तेव्हा त्यांनी माझा पदर धरला आणि आवाज खाली आणला.

"मला काय नको, बाय. पर ती शेजारची राणी बघ. चूल पेटंना तिची. सरपण सगळं भिजलं, गॅसची टाकी गेली व्हावून. लेकराला न उकळता पाणी पाजती. ती सांगायची न्हाई. लय मानी हाय."

लेकराला न उकळता पाणी... मी जवळजवळ धावतच शेजारी गेले. राणी माझ्याच वयाची, कडेवर वर्षाचं पोर. माझ्या पिशवीत उकळलेल्या पाण्याची बाटली होती. मी ती तिच्या हातात दिली आणि विचारलं, काय काय लागतंय?

"आमचं काय न्हाई वो ताई. पर मनुकाकींना बघा. ओल्या भुईवर झोपत्यात. आन—" तिनं रस्त्याकडे बघून घेतलं. "लुगडी आल्यात ढीगभर. पर आतली कापडं? ती कुणी मागायची, समद्या गड्यांच्या म्होरं?"

मी दोन घरांच्या मधल्या बोळात उभी राहिले आणि मला कळलं, की मी कालपासून चुकीचं विचारत होते.

मग मी कुणालाच 'तुम्हाला काय हवंय' असं विचारलं नाही. 'शेजारच्यांना काय लागतंय?' एवढंच. आणि गाव बोलायला लागलं. पलीकडच्या आजोबांची बीपीची गोळी. अलीकडच्या घरात साप निघतोय, बॅटरी हवी. तिसऱ्या घरातल्या मुलीची पुस्तकं गेली, दहावीला आहे. कुणी स्वतःसाठी चकार शब्द काढला नाही, आणि एक घर सुटलं नाही.

बायकांना मी विचारायचे. गोठ्यात कडबा टाकता टाकता जयराज पुरुषांना विचारायचा. संध्याकाळी शाळेच्या कट्ट्यावर आमची गाठ पडायची, आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"गोदूनं दूध पिलं?"

"तुम्हाला नाव कुणी सांगितलं?"

"तुमीच. अख्ख्या गावाला म्हायती झालंय. तुमचा आवाज फोनवर लय मोठा हाय."

एकदा त्यानं माझ्याकडून फोन घेतला आणि गोदूला शेळीचं करडू कसं ओरडतं ते करून दाखवलं. पलीकडून खिदळणं ऐकू आलं. पाऊस भुरभुरत होता. फोन परत देताना त्यानं आधी तो स्वतःच्या सदऱ्याला पुसला. मग थांबला. "सॅनिटायझर... लावू?"

"राहू दे," मी म्हणाले. माझं मलाच नवल वाटलं.

निघायच्या दिवशी मनुबाईंनी आम्हा दोघांना जेवायला बसवलं. संस्थेच्या गाडीतून आलेल्या राणीच्या नव्या शेगडीवर दोघींनी मिळून भाकरी केल्या होत्या. वाढता वाढता त्यांनी सरळच विचारलं, "आन तुझं मालक काय करत्यात गं?"

"गेले. ॲक्सिडेंटमध्ये. गोदू रांगत होती तेव्हा."

मनुबाईंचा हात थांबला. जयराजचा घासही. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. फक्त पाण्याचा तांब्या उचलून माझ्या बाजूला ठेवला.

बाकीचं मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या सासूबाईंनी दोनदा विषय काढला होता. एक स्थळही आणलं होतं. 'आई, मला काय कमी आहे?' म्हणून मी दोन्ही वेळेला उठून गेले होते. ॲक्सिडेंटच्या रात्री जेवायला येतो म्हणून गेलेला माणूस आला नव्हता. आता घरात गोदू आणि आई, दोघींचीच काळजी पुरेशी होती. आणखी एका माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं... नको. हे मी ठरवून टाकलेलं होतं.

एसटी बंद होत्या. "सोडतो की साताऱ्याला," जयराज म्हणाला. "वाटेवरच हाय."

मी रिकाम्या आयशरमध्ये पुढे बसले. विट्याचा फाटा आला. दहिवडीला जाणारा माणूस तिथं वळतो. तो वळला नाही. गाडी सरळ कराडच्या रस्त्याला लागली. मी त्याच्याकडे बघितलं. तो वायपरकडे बघत होता.

"हीच वाट का?"

"हीच. जरा लांबची."

कराड मागं पडलं. मग उंब्रज. दोघंही कडब्याबद्दल, खड्ड्यांबद्दल बोलत राहिलो. साताऱ्याचा अजिंक्यतारा दिसायला लागला तेव्हा मला एकदम कळलं, की हा गाडी फिरवून निघून गेला, तर उद्या संध्याकाळी 'गोदूनं दूध पिलं?' असं कुणीच विचारणार नाही.

"जयराज," मी म्हणाले, "एवढा फेरा मारून आलात. तुम्हाला... काय हवंय?"

त्याचे हात स्टेअरिंगवर घट्ट झाले.

"मला? काय नको. सगळं हाय."

हे उत्तर मी आख्ख्या जांभूळमळीत ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला पुरता माहीत होता. पण ह्या वेळी विचारायला शेजार कुठं होता? केबिनमध्ये त्याच्या शेजारी मीच बसले होते.

गोदू फाटकाला लोंबकळतच होती. मी आधी कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मागून आई आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, मग दाराबाहेर चिखलाच्या पायांनी अवघडून उभ्या असलेल्या त्याच्याकडे.

"या ना, चहा घेऊन जा."

"नको आई. काय नको. निघतो, लांब जायचंय."

तो वळला. दोन पावलं गेलासुद्धा.

"आई, त्यांना चहा हवाय," मी म्हणाले. माझा आवाज फोनवरच्याइतकाच मोठा निघाला असणार, कारण तो जागच्या जागी थांबला. "सकाळपासून घेतलेला नाही. चहा हवाय, आणि... परत यायला काहीतरी निमित्त हवंय. ते स्वतः सांगायचे नाहीत. मी शेजारी होते, म्हणून सांगते."

बोलून झाल्यावर माझे कान तापले. मी गोदूची वेणी सोडून परत घालायला घेतली. आईंना रोज रात्री फोनवर मी गावाची सगळी हकीकत सांगत होते. त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही. त्या फाटकापर्यंत गेल्या.

"बरं," त्या जयराजला म्हणाल्या. "आणि आमच्या स्वानंदीला काय लागतंय? तिला विचारून उपयोग नाही. दोनदा विचारून झालंय."

त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढला, हातात पिळला.

"त्या सगळ्यांस्नी इचारत्यात, आई. दूध पिलं का, ताप हाय का, चूल पेटली का," तो हळूच म्हणाला. "त्यास्नी कुणी इचारत न्हाई. तेवढं... लागतंय. रोजचं."

मी वेणी तिसऱ्यांदा सोडली.

"आणि मला करडू लागतंय," गोदू म्हणाली. "खरंवालं."

"गोदू, साताऱ्यात शेळी ठेवायला जागा कुठं आहे?" मी ताबडतोब म्हणाले.

"दहिवडीत हाय की," जयराज म्हणाला.

"दहिवडीत असेल," आई म्हणाल्या. अगदी त्याच वेळी.

मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मी चहा टाकायला आत गेले.