लाव्रीनचा सदरा

लढाईला उतरण्याआधी अंग धुऊन स्वच्छ सदरा घालायचा, ही कुबानच्या गावांतली जुनी रीत. मरण आलंच तर मळक्या कपड्यांत येऊ नये. म्हणूनच एक्केचाळीसच्या डिसेंबरात, क्राइमियाकडे निघालेल्या जहाजावर, प्रोकोपच्या तुकडीतले बारा जण भरदुपारी बॉयलरजवळ सदरे धूत बसले होते. पहाटे शत्रूच्या किनाऱ्यावर उड्या टाकायच्या होत्या.

धाकटा भाऊ लाव्रीन पिळताना अंगचोरपणा करतो म्हणून सार्जंट प्रोकोपने त्याला चारचौघांत झापलं. खायला काळ अन् भुईला भार, म्हणाला, आणि सदरा ओढून घेऊन स्वतःच पिळला. याच युद्धात आईची दोन मुलं आधीच गेली होती. हे दोघे निघाले तेव्हा ती रडली नाही. लाव्रीनला घेऊनच परत ये, एवढंच प्रोकोपला म्हणाली.

वाफेच्या पाइपांवर तासाभरात अकरा सदरे कडक वाळले. लाव्रीनचा ठिबकत होता. प्रोकोपने तो पुन्हा पिळला आणि जास्त तापलेल्या पाइपावर टाकला. अर्ध्या तासाने खाली पाण्याचं थारोळं. पाइपाला हात लागला तर चटका बसला, पण कापड बर्फासारखं गार होतं. त्याने ओलं बोट जिभेला लावलं. सदरा धुतला होता गोड्या पाण्यात, आणि चव खारट होती.

भट्टीत कोळसा घालणारा म्हातारा येव्सेय मघापासून बघत होता.

"मागच्या खेपेला असे चार राहिले होते," तो म्हणाला.

"आणि ते ज्यांचे होते, ते?"

येव्सेयने फावडं उचललं आणि तो भट्टीकडे वळला.

प्रोकोप असल्या गोष्टींना हसणारा माणूस. पण आईला कोणतं तोंड दाखवायचं? त्याने आपला वाळलेला सदरा लाव्रीनच्या अंगावर टाकला, घाल मुकाट्याने म्हणाला, आणि ओला स्वतः चढवला. थंडीने दात वाजायला लागले. त्याला फार बरं वाटलं.

मग दात वाजायचे थांबले.

त्याने छाती चाचपली. कापड कोरडं होतं, उबदार होतं.

"दादा," मागून लाव्रीन म्हणाला, "हा तर ओलाच आहे रे. पाठीवरनं पाणी गळतंय बघ."